विज्ञानवार्ता : ठिपका खरा की खोटा?

रेडिओ-दुर्बिणीने टिपलेले आकाशाचे चित्र प्रथम पाहणाऱ्याची निराशाच होते. धूसर, दाणेदार पार्श्वभूमी आणि तीवर विखुरलेले काही ठिपके, एवढेच त्यात असते. ठळक ठिपक्यांविषयी वाद नसतो. अंधूक ठिपका मात्र एखाद्या दूरच्या दीर्घिकेचा आहे, की यंत्राच्याच खरखरीतून उठलेला तरंग आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

केंब्रिजच्या ज्योतिर्विदांना याचा चांगलाच चटका बसला. मार्टिन राईल व त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली १,९३६ रेडिओ-उद्गमांची सूची प्रसिद्ध केली. तीत क्षीण उद्गम अपेक्षेहून फारच अधिक होते. त्यावरून, विश्व सर्वकाळ एकसारखेच असते हे मत टिकत नाही, असे राईल यांनी प्रतिपादिले. परंतु सिडनीच्या मिल्स आणि स्ली यांनी आकाशाचा काही समाईक भाग आपल्या दुर्बिणीने तपासला, तेव्हा दोन सूच्यांचा मेळच बसेना. केंब्रिजच्या दुर्बिणीची नजर भरड होती. शेजारशेजारचे अनेक क्षीण उद्गम तिला एकच होऊन दिसत. १९५९ च्या पुढील सूचीत अवघे ४७१ उद्गम नोंदले गेले. नवल असे, की राईल यांचे अनुमान पुढे खरेच ठरले. पुरावा मात्र नव्याने जमवावा लागला.

मग कसोटी कोणती? खरखरीचा नेहमीचा चढउतार मोजावयाचा व ठिपका त्याच्या किती पट उंच आहे ते पाहावयाचे. तिप्पट उंची पुरेशी वाटेल. पण साडेसातशे जागा तपासल्या, तर निव्वळ योगायोगानेही सुमारे एका जागी तेवढी उंची आढळते, आणि येथे तर लाखो जागा तपासावयाच्या असतात! पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ३० तबकड्यांच्या दुर्बिणीने केलेल्या सर्वेक्षणाची जी सूची २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत म्हणूनच सातपटीची मर्यादा पाळलेली आहे. तरीही तीत सुमारे ६ लाख २० हजार उद्गम आहेत.

आणखी एक युक्ती आहे, आणि आम्हांस तीच अधिक रुचते. चित्र उलटे करावयाचे, म्हणजे उजळ ते काळे आणि काळे ते उजळ. अशा चित्रांतील खऱ्या उद्गमाचे तेज शून्याखाली जात नाही. तेव्हा उलट्या चित्रात जे 'उद्गम' सापडतील ते सारे खोटे. साधारण तितकेच खोटे उद्गम मूळ चित्रातही लपलेले असणार, असा हिशेब मांडता येतो.

शेवटी प्रकाश-दुर्बिणीच्या छायाचित्रात त्याच जागी काही दिसते का, हेही पाहतात. काही न दिसले म्हणून ठिपका बाद होत नाही. अतिदूरच्या काही रेडिओ-दीर्घिका अशाच रिकाम्या भासणाऱ्या जागी सापडल्या आहेत.