एका टॅपमध्ये हॉटस्पॉट का चालू होत नाही?

गेल्या महिन्यात नशिराबादला घरी गेलो, तर पप्पांनी फोन पुढे केला. "अरे, ते हॉटस्पॉट कुठे असतं रे? दरवेळी हरवतं." लाईट गेली की घरचं वायफाय बंद, मग बहिणीच्या लॅपटॉपला त्यांच्याच फोनचं नेट. वरून खाली ओढायच्या पट्टीत बटण आहे, पण घाईत पप्पांचं बोट शेजारच्या एअरप्लेन मोडवर पडतं. म्हटलं, होम स्क्रीनवर एक आयकॉन करून देऊ, दाबलं की हॉटस्पॉट चालू. पण ते इतकं सरळ होत नाही.

पूर्वी अशी कामं साधं ॲपही करायचं. 2014 च्या अँड्रॉइड 5 पासून मोबाईल डेटाचं बटण ॲप्सच्या हातून गेलं. 2019 च्या अँड्रॉइड 10 मध्ये वायफायचंही गेलं. त्या आवृत्तीसाठी बनवलेलं ॲप फार तर सेटिंगचं पान उघडून देतं, बटण आपल्याच बोटाने दाबायचं. टास्करने यावर जुन्या नियमांवर चालणारं वेगळं मदतनीस ॲप काढलं, पण ते पप्पांच्या फोनमध्ये कोण सांभाळणार? त्यात 2021 च्या अँड्रॉइड 12 मध्ये गूगलने वायफाय आणि मोबाईल डेटा 'इंटरनेट' नावाच्या एकाच बटणात कोंबले. एका टॅपचं काम दोन टॅपचं झालं, याचा मला अजूनही राग आहे.

एक वाट उरते, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी. ती मुळात ज्यांना नीट दिसत नाही किंवा ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी आहे. ती मिळाली की ॲप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. मॅक्रोड्रॉइडसारखी ॲप्स काही कामांसाठी ती मागतात, आणि त्यात गैर काही नाही. पण फसवणुकीची ॲप्सही हीच परवानगी मागतात. ई-चलान किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइली तुमच्याही ग्रुपवर आल्या असतील. म्हणूनच 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून प्ले स्टोअरबाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहज देता येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने आणखी पुढचं पाऊल जाहीर केलं: ओळख पडताळलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स सर्टिफाइड फोनवर टाकता येतील, सुरुवात सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, बाकी जगात 2027 पासून पुढे. हौसेने छोटी ॲप्स बनवणाऱ्यांना हे जड जाणार, आणि त्यांची तक्रार मला पटते. तरी पप्पांच्या ज्या फोनवर केळीच्या व्यापाऱ्याचे पैसे यूपीआयने येतात, त्यात एका टॅपसाठी ॲक्सेसिबिलिटी उघडायला माझा हात धजला नाही.

मग साधंच केलं. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरलं, विजेट्समध्ये जाऊन सेटिंग्जचा शॉर्टकट निवडला आणि यादीतून हॉटस्पॉटचं पान घेतलं. ना वेगळं ॲप, ना परवानगी. काही कंपन्यांच्या फोनवर हे विजेट नसतं. तिथे टास्कर किंवा मॅक्रोड्रॉइडमधून फक्त 'पान उघडा' एवढाच शॉर्टकट करा. त्याला ॲक्सेसिबिलिटी लागत नाही, आणि मागितलीच तर देऊ नका.

पप्पांना आता आयकॉन आणि मग बटण, असे दोन टॅप लागतात. परवा फोन आला, तर प्रश्न हॉटस्पॉटचा नव्हता, "अक्षरं मोठी कुठून करायची?" असा होता. पुढच्या खेपेला तोही आयकॉन टाकून देईन.