गोलसमोरची जागा

याकुब सिल्व्हेस्टर हे नाव आमच्या हिंगोलीत कुणी ऐकलं असण्याचं कारण नाही. ब्रातिस्लाव्हात जन्मलेला हा स्लोव्हाक स्ट्रायकर. आधी स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा, मग क्रोएशियातलं डिनामो झाग्रेब, मग जर्मनीतले आउए आणि न्यूरेम्बर्ग, असे क्लब बदलत तो २०२० साली भारतात आला आणि इंडियन सुपर लीगमध्ये चेन्नईयिनकडून एक मोसम खेळला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. फार मोठा तारा म्हणावा असा तो कधीच नव्हता. तरी आपल्या क्लबला गोल मारायला माणूस हवा होता आणि तो स्लोव्हाकियातून आणावा लागला.

स्लोव्हाकियाची लोकसंख्या आहे साधारण ५४ लाख. २०११च्या जनगणनेत आमच्या हिंगोली जिल्ह्याची होती पावणेबारा लाख. म्हणजे पाच हिंगोली एकत्र केल्या तर हा अख्खा देश त्यात मावून जागा उरेल. याच देशाने २०१०च्या विश्वचषकात तेव्हाच्या जगज्जेत्या इटलीला ३-२ असं घरी पाठवलं आणि त्यातले दोन गोल रॉबर्ट विट्टेक नावाच्या त्यांच्या आघाडीवीराने मारले. त्या स्पर्धेत त्याचे एकूण चार गोल झाले. आपण मात्र मार्च २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी पुन्हा बोलावून आणलं, कारण गोल मारणारा दुसरा सापडेना. छेत्रीने आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोल केलाही. त्याचं कौतुकच आहे. पण दीडशे कोटींच्या देशाला याची थोडी लाज वाटायला हवी होती.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "आपल्याकडे टॅलेंटच नाही." मला हे पटत नाही. टॅलेंट आहे, पण ते गोलसमोर टिकू दिलं जात नाही. याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

अनिकेत जाधव कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा. लहानपणीच पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला, पुणे एफसीच्या अकादमीत वाढला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपल्या संघाचा फॉरवर्ड म्हणून उतरला. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने आपण हरलो. पण सतराव्या वर्षी विश्वचषकात बचावपटूंच्या अंगावर एकट्याने धावून जाणारा हा मराठी पोरगा ज्यांनी पाहिला, त्यांना पुढची दहा वर्षं दिसली होती.

ती वर्षं कशी गेली पाहा. इंडियन ॲरोजनंतर तो जमशेदपूरला आला. २०२०-२१च्या मोसमात तिथे गोलसमोरची जागा लिथुआनियाच्या नेरियस वाल्स्किसकडे होती, आदल्या वर्षी १५ गोल करून गोल्डन बूट घेतलेला माणूस. (लिथुआनिया म्हणजे स्लोव्हाकियाच्याही निम्मा.) त्या मोसमात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धचा एकमेव गोल अनिकेतने मारला, संघ १-० जिंकला. पुढच्या वर्षी तो हैदराबाद एफसीत गेला. तिथे समोर नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे, त्या मोसमात १८ गोल. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालला ४-० हरवलं तेव्हा ओग्बेचेचे तीन आणि अनिकेतचा एक. हैदराबादने ती लीग जिंकलीही. पण अनिकेतची ओळख तोवर 'विंगर' अशी झाली होती. कडेने पळायचं, मागे येऊन बचावाला हात द्यायचा आणि चेंडू मधल्या माणसाला पुरवायचा. हे काम हलकं नाही, पण फॉरवर्डचं नाही.

यात ओग्बेचेचा दोष नाही, अनिकेतचा तर नाहीच. क्लबच्या मालकाला या शनिवारी सामना जिंकायचा असतो. वीस वर्षांच्या पोराने तीन संध्याकाळी चुकवल्या तर चौथी संध्याकाळ द्यायला कुणी थांबत नाही. बचावात भारतीय पोरगा चालतो, कडेला चालतो, गोलसमोर मात्र विकत आणलेला हवा. लीगने मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या सुरुवातीच्या सहावरून पाच आणि २०२१-२२ पासून चारवर आणली. तरी त्या चारातला एक बहुतेक ठिकाणी पुढेच उभा असतो. आणि फॉरवर्ड तर चुकूनच शिकतो. दहा संधी घालवल्यावर अकराव्या वेळी पाय कुठे ठेवायचा ते त्याला कळतं. त्या दहा संधी त्याला कुठेतरी मिळाल्या पाहिजेत.

पूर्वी त्या मिळत होत्या. इथे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे आम्ही नुकत्याच सोडलेल्या राजधानीचे. तीन गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसोझा, आम्ही नुकत्याच जोडले गेलो त्या राजधानीचा. जन्म गोव्यातल्या आसगावचा, खेळ मुंबईचा. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला ४-१ हरवलं, तो एक गोलही नेव्हिलचाच. भारत चौथा आला. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत नेव्हिल होता.

'मैदान' सिनेमा आल्यापासून रहीमसाहेबांचं नाव आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही माहीत झालं. नेव्हिलचं नाही. त्याच्यामागे काही चमत्कार नव्हता. मुंबईत हारवूड लीग होती, कंपन्यांचे संघ होते, रोव्हर्स कप होता. त्याच रोव्हर्समध्ये रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीसने १९५० पासून सलग पाच वेळा बाजी मारली होती. म्हणजे मुंबईच्या फॉरवर्डला हैदराबादच्या बचावाशी झुंजायला मिळत होतं. नोकरी कंपनीची आणि सामने भरपूर, एवढं त्या पिढीला पुरलं.

१९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांनी त्याहून धाडसी काम केलं. जर्नेल सिंग हा मुळात बचावपटू, डोक्याला दुखापत झालेली. त्याला त्यांनी फॉरवर्ड म्हणून पुढे उभं केलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल मारला, दुसरा पी. के. बॅनर्जींनी, आणि सुवर्णपदक आलं. तो प्रशिक्षक मागच्या माणसाला पुढे नेत होता. आज आपण पुढच्याला मागे आणतो.

आता हिंगोलीकडे येतो. इथे पोरं फुटबॉल खेळत नाहीत असं नाही. संध्याकाळी मोकळ्या जागेत विटा ठेवून गोल करतात, अंगात मेस्सीचा किंवा सलाहचा शर्ट, पायात बहुधा काहीच नाही. रात्री मोबाईलवर युरोपातले सामने बघतात आणि सकाळी शाळेत त्यावर वाद घालतात. यांच्यात एखादा अनिकेत असेल का? असेलही. पण त्याने ते सिद्ध करायचं कुठे?

शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हा हिशेब एकदा करून बघा. आठ संघ आले तर चार संघ पहिल्याच सामन्यात घरी जातात. निम्म्या पोरांचं वर्षाचं फुटबॉल एका सकाळी संपतं. उरलेल्यांतले दोन संघ दुसऱ्या सामन्यात बाहेर. अंतिम सामना खेळणाऱ्यांच्याही वाट्याला जिल्ह्यात तीनच सामने. वर्षाला एक सामना खेळणारा पोरगा फॉरवर्ड कसा होणार? त्याची पहिली संधी चुकली की पुढची बारा महिन्यांनी. तोवर तो दहावी होतो, मग त्याला हळदीच्या आडतीवर नाहीतर पुण्याच्या कंपनीत जावं लागतं. काही संघ तर ग्रेस गुणांच्या प्रमाणपत्रापुरतेच उभे राहतात. त्यात पोरांचा दोष काढू नये, कारण त्या एका सामन्यातून दुसरं मिळण्यासारखं काही नसतंच.

तेच आठ संघ लीग पद्धतीने दोन फेऱ्या खेळवले तर प्रत्येकाला १४ सामने मिळतात. दर रविवारी एक, साडेतीन महिन्यांत संपतं. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा आणि सेनगाव, पाच तालुक्यांतून आठ संघ जमणं अवघड नाही. खर्च चेंडूंचा, जाळ्यांचा, पंचाच्या मानधनाचा आणि एसटीच्या तिकिटांचा. दहीहंडीच्या एका मंडळाचं बजेट याहून मोठं असतं, आणि उरुसातल्या कव्वालीचंही, हेही सांगून टाकतो म्हणजे कुणी एकाच बाजूने रागावायला नको.

कोल्हापूरचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, तिथे शाहू महाराजांचा वारसा आहे. आहेच. पण वारसा दर आठवड्याला मैदानात उतरवावा लागतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षं एकमेकांशी भिडतात आणि पेठेतला म्हातारा माणूसही कुठल्या पोराचा डावा पाय चांगला ते सांगू शकतो. अनिकेत अशा गावातून निघाला. विट्टेकच्या आणि सिल्व्हेस्टरच्या देशातही गावोगावच्या संघांना वर्षभर पुरेल इतकी लीग असते, खालच्या पायरीपासून.

जिल्हा नियोजनाच्या बैठकीत क्रीडा संकुलाच्या भिंतींवर आणि गॅलरीवर बोलणं होतं. एखाद्या सदस्याने तिथे फक्त एवढं विचारावं, की मागच्या वर्षी या जिल्ह्यातला पंधरा वर्षांचा मुलगा पंच असलेले किती सामने खेळला. उत्तर जे येईल ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.