अविकारी आणि पूर्वज्ञात

आमच्या घोटावड्याजवळ हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या झाल्यापासून या भागांतील कित्येक घरांत रात्रीच्या पंक्तीला ‘कंपायलर’, ‘पॉइंटर’ असे शब्द ऐकूं येतात. वडील मंडळी ते कानांआड करितात. परंतु ‘सी’ या संगणकभाषेंत एक भेद असा आहे कीं, ज्यानें व्याकरण घोकलें आहे त्यास तो खचित आवडेल.

ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. तींत लिहिलेला प्रोग्राम कंपायलर हा भाषांतरकार आधीं यंत्रभाषेंत उतरवितो. मग तो चालतो. म्हणजे काळ दोन. पंचांगकर्ता तिथि वर्षापूर्वींच मांडून ठेवितो. परंतु घरांत मूल कोणत्या घटकेस जन्मेल तें पंचांगांत सांपडत नाहीं. सात गुणिलें चोवीस हें भाषांतरकाळींच ठरतें. असें जें ठरतें तें स्थिरपद.

आतां ‘कॉन्स्ट’ हें विशेषण घ्या. तें लाविलें कीं स्थिरपद झालें, असें पुष्कळ विद्यार्थी समजतात. तें बरोबर नव्हे. या नांवानें मूल्य बदलूं नये, एवढीच त्याची आज्ञा; प्रोग्राम चालूं असतां कोणीं टंकिलेला आंकडाही कॉन्स्टमध्यें ठेवितां येतो. अविकारी निराळें, पूर्वज्ञात निराळें! दुसऱ्या अर्थासाठीं ‘सी प्लस प्लस’नें २०११ सालीं ‘कॉन्स्टएक्सप्र’ हा शब्द घेतला. मूळ ‘सी’नें तो २०२३ च्या प्रमाणांत स्वीकारला.

पॉइंटर म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. प्रोग्राम असेपर्यंत टिकणाऱ्या, म्हणजे स्टॅटिक, चिठ्ठीवरील पहिला पत्ता ‘सी’मध्यें स्थिरपदच असावा लागतो. येथें मौज अशी कीं, घरांत कोण राहतो तें ठाऊक नसलें तरी चालतें. घर कायमचें असलें म्हणजे पुरे. कार्य संपतांच मोडणाऱ्या मांडवाचा पत्ता मात्र चालत नाहीं.

स्टॅटिक चिठ्ठी कोरी ठेविली तर तिजवर आपोआप शून्य पडतें. कार्यापुरत्या चिठ्ठीस ही सवलत नाहीं. तिजवर पूर्वींचा कोणताही कचरा असूं शकतो. आमच्या सूनबाईंच्या कचेरींत असेंच झालें. ‘पत्ता शून्य असेल तर नवी जागा घे’ असें लिहिलें होतें, पण आरंभीं शून्य घालावयाचें राहिलें. परीक्षणाच्या यंत्रावर तेथें योगायोगानें शून्यच होतें, म्हणून तीन आठवडे सर्व सुरळीत. ग्राहकाच्या यंत्रावर तेथें भलताच पत्ता निघाला आणि प्रोग्रामनें दुसऱ्याच मजकुरावर आंकडे लिहिले. बिचारी दोन रात्री जागली. शून्य पत्त्यावर गेलेला प्रोग्राम बहुधा तत्काळ कोसळतो, तें एक वेळ पुरवलें. हा प्रकार मुकाट्यानें घडतो.

असे दोष भाषांतरकाळींच हुडकण्याचें शास्त्र आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा ‘डेटा फ्लो ॲनालिसिस’ हा २००९ चा इंग्रजी ग्रंथ त्याच विषयावरील. पैकीं पहिले दोघे त्या वेळीं मुंबईच्या आयआयटींत अध्यापक होते. कोणतें पद स्थिर, कोणती चिठ्ठी कोणकोणत्या घरीं जाऊं शकेल, कोणतें नांव मूल्य न देतां वापरलें गेलें असेल, हें त्यांत सांगितलें आहे. सर्वच वाटा अचूक ठरवितां येत नाहींत. म्हणून कंपायलरची सूचनाही ‘असावें’ अशा संदिग्ध क्रियापदानें येते, आणि तरुण मंडळी नेमकी तीच बंद करून ठेवितात.