लिंगायत खानावळ आहे, मराठा खानावळ आहे. मग बौद्ध खानावळ कुठे आहे?

लातूरहून शिरूर अनंतपाळकडे निघा किंवा शिरूरहून निलंगा, उदगीरकडे जा, रस्त्याच्या कडेला खाण्यापिण्याचा तोटा नाही. भजी आहेत, सुशीला आहे, निलंगा राईसचे गाडे आहेत, दुपारी खानावळीत भाकरी आणि रस्सा आहे. बाजारच्या दिवशी तर आसपासच्या खेड्यांतला माणूस बी-बियाणे, भाजीपाला, कपडालत्ता घेऊन झाला की हॉटेलात टेकल्याशिवाय परत जात नाही. हे सगळे ठीकच आहे. पण जाताजाता पाट्या वाचाव्यात. 'लिंगायत खानावळ'. 'मराठा खानावळ'. 'धनगरी मटण'. शहरात गेले तर 'घरगुती ब्राह्मणी जेवण'. नागपूरकडे 'सावजी', म्हणजे मूळचे हलबा कोष्टी विणकरांचे जेवण. मुंबईच्या अंगाला 'आगरी'. या पाट्या वाचून कोणालाही राग येत नाही, उलट तोंडाला पाणी सुटते. महाराष्ट्रात जात हे चवीचे प्रमाणपत्र आहे आणि ते राजरोस दारावर टांगलेले असते.

कोर्टाच्या आणि चळवळीच्या कामाने आम्ही या पट्ट्यात वर्षानुवर्षे फिरत आहोत. 'बौद्ध खानावळ' अशी पाटी आमच्या पाहण्यात आलेली नाही. 'जयभीम' नावाची चहाची टपरी पाहिली आहे, पण ती वस्तीत. गिऱ्हाईकही वस्तीतलेच. तीच टपरी बसस्थानकासमोर किंवा पेठेत आली की तिचे नाव 'साई' होते, नाही तर 'तुळजाई' होते. मालक तोच, चहा तोच, फक्त पाटी बदलते. ती का बदलते, हे मालकाला विचारले तर तो हसतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, धंदा करायचाय."

हा प्रश्न आज मांडण्याचे कारण असे की हॉटेलवाल्याचे नाव हा आता सरकारी विषय झाला आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळी, ढाबे, फळांचे गाडे यांच्यावर मालकाचे नाव लावण्याचा हुकूम निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली आणि सांगितले की कोणते अन्न मिळते ते लिहा, नाव लिहिण्याची सक्ती नाही. पुढच्या वर्षी त्याच यात्रेत क्यूआर कोड आला. पाटीवर नाव नको म्हणता, मग मोबाईलमध्ये वाचा! २२ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने परवाना व नोंदणी प्रमाणपत्र लावा एवढे सांगून बाकीच्या वादात शिरणे टाळले. आपल्या राज्यात मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदू मटण विक्रेत्यांसाठी 'मल्हार प्रमाणपत्र' जाहीर केले आणि प्रमाणपत्र नसेल तेथून मटण घेऊ नका असे आवाहन केले. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले. त्याआधी मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आलेलीच होती. बाजारातले सर्वात स्वस्त मटण त्या दिवसापासून गरिबाच्या ताटातून गेले.

या सर्व प्रकरणांत चर्चा होते ती मुसलमानांची. निशाणा तोच आहे हे उघड आहे. परंतु आमच्या समाजातील काही शहाणे म्हणतात, हे हिंदू-मुसलमानांचे भांडण आहे, आपल्याला काय त्याचे? त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, गिऱ्हाइकाने अन्नाच्या आधी हात पाहावा ही सवय या देशात मुसलमान येण्याच्या आधीपासूनची आहे, आणि ती कोणाच्या हातांवर घडवली गेली हे तुमच्या आजोबांना ठाऊक होते. नाव विचारण्याची प्रथा एकदा रूढ झाली की ती एका धर्मापाशी थांबेल, असे समजणे भोळेपणाचे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दात नेमके काय काय येते असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. जो कोणी येईल त्याला आपली सेवा देऊ करणारी प्रत्येक जागा त्यात येते, आणि हा हक्क नुसता आत शिरण्यापुरता नसून अटी मान्य असतील तर सेवा मागण्याचा आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही त्याच दिवशी मंजूर झाले. पुढे १९५५ चा कायदा आला, त्यालाच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातील भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद, आणि दंड १०० ते ५०० रुपये. ५०० रुपयांत आज चार माणसांचे धड जेवणही होत नाही, पण ते असो.

भांड्यांचे कलम उगाच घातलेले नाही. खेडोपाडी हॉटेलबाहेर आपल्या लोकांच्या कपबशा वेगळ्या असत. ज्याने प्यायचे त्यानेच त्या धुवायच्या. ही पद्धत कायद्याने गेली असे आपण भाषणात सांगतो. आमचे मत थोडे वेगळे आहे. कायद्याने धाक बसला हे खरे, तरुणांनी भांडणे केली हेही खरे, पण बऱ्याच गावांत वेगळी कपबशी संपवली ती कागदी कपाने. सगळ्यांनाच वापरून फेकायचा कप मिळू लागल्यावर वेगळे ठेवायला काही उरले नाही. मनात काय होते ते तपासून पाहण्याची वेळच आली नाही.

तेव्हा गिऱ्हाईक म्हणून आपण हॉटेलात बसलो. आज शिरूरच्या कोणत्याही हॉटेलात आमचा माणूस बाकड्यावर बसतो, चहा मागवतो, पैसे देतो आणि उठतो. हे लहान यश नाही. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातील अनेक गावांनी आपल्या लोकांना किराणा आणि पिठाची गिरणी बंद केली होती, हे पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. पण बाकड्यापर्यंत आलेला माणूस गल्ल्यापर्यंत का पोहोचला नाही?

आमच्या भागात येळवस असते. मार्गशीर्ष अमावस्येला सारा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो. भज्जी, आंबिल, भाकरी. ओळखीचा असो वा नसो, प्रत्येकाला बोलावतात, आणि आमच्याही लोकांना बोलावतात. या मोकळेपणाचे आम्हाला कौतुक आहे. पण ज्याचे शेत तो यजमान. ज्याला गुंठाभर जमीन नाही तो दरवर्षी पाहुणा. त्याने जेवायचे आणि चांगले झाले म्हणायचे. बाजारपेठेतही नेमके हेच झाले आहे. आपण पाहुणे म्हणून मान्य झालो, यजमान म्हणून नाही. खाणाऱ्या दलिताला जागा मिळाली. वाढणाऱ्या दलिताची जागा मोकळीच आहे.

येथे कायद्याची मर्यादा येते. वाढणाऱ्यावर गावाने ठरवून बहिष्कार टाकला तर कलमे आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा झाला. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळाच. पण एखादा माणूस पाटी वाचतो, काही बोलत नाही, आणि पुढच्या हॉटेलात जाऊन बसतो. त्याच्यावर कोणते कलम लावणार? लावता येत नाही आणि लावता येऊही नये. कोणी कुठे जेवावे हे पोलिसाने ठरवायला लागू नये. म्हणूनच हा प्रश्न कोर्टात सुटणारा नाही, हे वकील असूनही आम्ही म्हणतो.

तो कसा सुटतो याचे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीच महाराष्ट्राने पाहिले आहे. कोल्हापूर दरबारातील नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला मदत केली. नाव 'सत्यसुधारक'. हॉटेल महाराचे आहे हे कळताच गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पिऊ लागले, आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागला. छत्रपतींनी प्यायलेला चहा नाकारण्याची हिंमत कोणात होती? आजचे पुढारी आमच्या वस्तीत येऊन जेवतात, फोटो काढून घेतात. त्यांचा जेवणाचा खर्च आमच्याच माथी असतो! महाराज हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून गेले, हा फरक आहे.

शासनाच्या हाती दुसरा एक मोठा उपाय होता. शालेय पोषण आहारात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी दिला. लहान मूल ज्या बाईच्या हातचे रोज खाते तिच्याविषयी त्याला किळस शिकवणे अवघड जाते, हे त्यामागचे तत्त्व आम्हाला फार मोलाचे वाटते. दलित बाईने शिजवले म्हणून मुलांना जेवू न दिल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणांहून आल्या, यावरूनच आदेश नेमक्या जागी बसला हे दिसते. आपल्या तालुक्यातील किती शाळांत तो पाळला गेला? माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकायला दहा रुपये लागतात.

काही जण म्हणतील, चव हा आपला विषयच नाही, आपले खाणे म्हणजे गरिबीचे खाणे. हे अज्ञान आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. दिल्ली-मुंबईचे वाचक आज ते कौतुकाने वाचतात. आणि आमची मावशी, जिच्या हातच्या येसराच्या आमटीला तोड नाही, ती पेठेत दुसऱ्याच्या खानावळीत भांडी घासते, चुलीपाशी तिला घेत नाहीत.

बौद्ध ही जात नाही, मग पाटी कशाला, असाही आक्षेप येईल. तो रास्त आहे. जातींच्या पाट्यांत आणखी एकीची भर घालावी असे आमचे म्हणणे नाही. कोणी आवडीने 'तुळजाई' नाव ठेवले तर तो त्याचा प्रश्न. भीतीने ठेवावे लागते, हा आमचा प्रश्न आहे. नुसत्या सहभोजनाने जात जात नाही हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले होते. तरीही ज्याच्या गल्ल्यात गावाचा पैसा रोज पडतो त्याच्याशी गाव कसे बोलते आणि ज्याच्या नाही त्याच्याशी कसे बोलते, हे आम्ही रोज पाहतो. एक सूचना मात्र करतो. उपासकाला वर्ज्य अशा पाच व्यापारांत भगवंतांनी मद्याचा व्यापार सांगितला आहे. आपल्या पोरांनी ढाबा काढला की पहिल्या महिन्यात मागच्या खोलीत बाटल्या येतात, हे बंद झाले पाहिजे.

आता कामाचे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक नगरपंचायतीत पथविक्रेता समिती असली पाहिजे, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असले पाहिजेत, आणि त्यांत अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व असले पाहिजे. शिरूर अनंतपाळ १९९९ साली तालुका झाला, पुढे नगरपंचायतही आली. ही समिती आहे का, तिच्यावर आपला कोण आहे, गाडे लावण्याच्या जागा कोणाला मिळाल्या, गाळ्यांच्या लिलावात कोण होते, हे नगरपंचायतीत जाऊन लेखी विचारावे. आणि नगरपंचायतीत जाण्याआधी जयंती मंडळांनी आपल्या वह्या उघडाव्यात. १४ एप्रिलला हजारो माणसांचे जेवण होते. त्याचा आचारी कोण, किराणा कोणाकडून, मंडप कोणाचा? वस्तीतल्या ज्या बाया बचत गटातून पापड-शेवया विकतात त्यांना यातले किती रुपयांचे काम मिळाले? पाहुण्यांना चहा पाजायला कार्यकर्ते पेठेतल्या ज्या हॉटेलात जातात तेथून 'साई' टपरी पन्नास पावलांवर आहे, आणि तिचा मालक कोण हे प्रत्येकाला माहीत आहे.