पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं गाडी ठेवायची कुठं?

पोस्ट लांब आहे. गाड्यांचा नाद नसेल तरी वाचा, कारण तुमच्या अंगणातल्या जुन्या मोटरसायकलचाही विषय यात आहे.

परवा एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही, कारण खिडकीमागचा मुलगा सज्जन होता आणि चूक त्याची नव्हती. येत्या जूनमध्ये माझ्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. नूतनीकरणाला काय काय लागतं एवढंच विचारायचं होतं. त्यानं कागद चाळले, २००१ साल बघितलं आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "काका, कशाला या भानगडीत पडता? स्क्रॅपला द्या. सर्टिफिकेट मिळतं, नवीन गाडीवर सूट मिळते."

मी म्हटलं, "खाली उभी आहे, एकदा बघ तरी."

"बघायचं काय त्यात? वय दिसतंय की कागदावर."

हे वाक्य चार दिवस डोक्यातनं जात नाही. गाडी न बघता गाडीचा निकाल. आणि खरं सांगायचं तर आपलं सगळं धोरणच आता असं बोलायला लागलंय.

आधी गाडी कुठली ते सांगतो, कारण रस्त्यावर दहातले नऊ जण ती परदेशी समजतात. तिचं नाव सॅन स्टॉर्म. बनली गोव्यात. दोन माणसांची, कापडी छत मागं टाकता येतं, बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल. ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजची साधी हॅचबॅकसुद्धा तिला मागं टाकेल. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी, जेव्हा आपल्याकडं गाडी म्हणजे मारुती आठशे नाहीतर फियाट, तेव्हा या देशात कुणीतरी दोन सीटची स्पोर्ट्स कार काढायची हिंमत केली. धंदा म्हणून ती चालली नाही. फार थोड्या बनल्या, त्यातल्या किती उरल्या असतील देव जाणे. एक माझ्या शेडमध्ये आहे.

"श्रीमंतांचे चोचले," असं एकानं मागं फोटोखाली लिहिलं होतं. भावा, मी पॉलिटेक्निकला मशीन ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला माणूस. २०१२ साली मडगावच्या एका गृहस्थांकडून ही गाडी घेतली, ती एका बऱ्यापैकी बुलेटच्या किमतीत. त्यांच्या आवारात माडाखाली उभी होती, छत फाटलेलं, सीटवर मांजर व्यालेलं. गोव्याची ना हरकत, इकडचा रोड टॅक्स, नोंदणी बदल, या कागदांच्या पाठीमागं पाच महिने गेले. गाडी चालू व्हायला दोन वर्षं लागली.

कुणी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर फुकटचा सल्ला देतो. रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी आरसी बुकातला चॅसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का ते बघा, तोही कागद लावून पेन्सिलनं घासून. मग गाडीखाली झोपा. फायबरची बॉडी गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ती ज्या लोखंडी सांगाड्यावर बसते तो गंजतो, आणि वरनं काही दिसत नाही. आणखी एक. लोखंडी बॉडीच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधनं वीज वाहत नाही, त्यामुळं प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर. माझ्या गाडीचे हेडलाइट गगनबावड्याच्या घाटात तीनदा गेले. तीन वेगवेगळ्या वायरमननी दिवे बदलले, स्विच बदलला, रिले बदलला. शेवटी सापडलं काय, तर एक कुजलेला अर्थिंगचा जोड. दहा रुपयांचं काम.

ही गाडी जिवंत राहिली ती मी पैसेवाला म्हणून नाही. ती उद्यमनगरमुळं राहिली. कंपनीचे सुटे भाग मिळत नाहीत. सस्पेन्शनचे बुश गेले तेव्हा माझा नेहमीचा मिस्त्री जुना बुश हातात फिरवत म्हणाला, "सर, चित्र काढून द्या, उद्या संध्याकाळी न्या." मी माप घेऊन ड्रॉइंग काढलं, त्यानं लेथवर काढून दिलं. ते आजही गाडीत आहेत. दरवाजाचं बिजागर, पेडलची पिन, सायलेन्सरचा हँगर, सगळं तिथंच झालं. तीस वर्षं पोरांना फळ्यावर शिकवलेलं मशीन ड्रॉइंग खऱ्या अर्थानं मी या गाडीवर वापरलं. त्या मिस्त्रीचं वय आता सत्तरीकडं आलंय. पोरगा म्हणतो, जुन्या गाड्याच राहणार नाहीत तर शिकून काय करू? आहे माझ्याकडं उत्तर?

आता नियम काय आहेत ते नीट सांगतो, कारण व्हॉट्सअॅपवर यातलं निम्मं खोटं फिरतंय.

आपल्याकडं खासगी गाडी पंधरा वर्षं झाली म्हणून आपोआप भंगारात जात नाही. तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्लीचं वेगळं आहे. तिथं न्यायालयाच्या आदेशानं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि दोन-तीन दिवसांत लोकांच्या रेट्यापुढं ते थांबवावं लागलं.

आपल्याकडं बंदी नाही, पण फी बघा. माझी नोंदणी २०२१ साली वाढवली तेव्हा केंद्राची नूतनीकरण फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. बाहेरनं आयात केलेली गाडी असेल तर ८०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

दुसऱ्या टोकाला याच सरकारनं २०२१ च्या जुलैत विंटेज गाड्यांचे नियम काढले, आणि त्याचं मी तेव्हा कौतुकच केलं होतं. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं याला रस्त्यावर आणता येते. म्हणजे जुनी गाडी हा वारसा असतो, हे सरकारला मान्य आहे.

फक्त त्यासाठी ती पन्नास वर्षं जगली पाहिजे. माझी गाडी २०५१ साली विंटेज होईल. तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीचा असेन, असलो तर. तोपर्यंत दर पाच वर्षांनी दहा हजार (आणि ही फी वाढणारच नाही असं समजायचं) आणि दर पाच वर्षांनी खिडकीपलीकडनं तोच सल्ला, काका स्क्रॅपला द्या. पन्नास वर्षांची प्रत्येक गाडी कधीतरी पंचवीस वर्षांची होतीच की! पंचविसाव्या वर्षी तिला मारायचं आणि पन्नासाव्या वर्षी तिला हार घालायचा, हा कुठला हिशोब?

दसऱ्याला आपली मेबॅक बाहेर पडते तेव्हा आख्खं कोल्हापूर दसरा चौकात उभं असतं. पोरांना खांद्यावर घेऊन लोक दाखवतात, ती बघ महाराजांची गाडी. तीही एके काळी पंचवीस वर्षांची जुनी, पेट्रोल खाणारी, सुटे भाग न मिळणारी गाडी होती. तेव्हा कुणी कागदावरचं वय बघून निकाल दिला असता तर आज चौकात काय दाखवलं असतं?

पण प्रश्न महाराजांच्या गाडीचा नाही आणि माझ्याही गाडीचा नाही. दहा हजार भागिले पाच म्हणजे वर्षाला दोन हजार. मी देईन, एक टायर उशिरा घेईन. पण वीस वर्षांवरच्या दुचाकीलाही आता २,००० रुपये आहेत. गावाकडं दूधवाल्याची एम-८० असते, शेतावर जायची राजदूत असते. ती विकायला काढली तर भंगारवाला किती देईल? गाडीच्या किमतीच्या मानानं ही फी आहे की दंड आहे? आणि आरएक्स हंड्रेडवाल्यांनो, तुमचीही गाडी १९९६ च्या पुढची नाही. हसू नका, तुम्हीही याच रांगेत आहात.

"पण प्रदूषण?" प्रश्न बरोबर आहे, टाळत नाही. जुनं इंजिन नव्यापेक्षा एका किलोमीटरला जास्त धूर सोडतं, हे मान्यच. पण माझी गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर चालत नाही. रोज चाळीस किलोमीटर जाणारी पाच वर्षांची गाडी वर्षाला चौदा-पंधरा हजार चालते. फी ठरवताना यातलं काहीच विचारत नाहीत. धूर किती हे नळी लावून मोजता येतं, ब्रेक लागतो की नाही हे यंत्रावर कळतं. जे मोजता येतं ते नीट मोजायचं सोडून जन्मतारीख वाचायची, हा आळस आहे. सहा वर्षांचा डंपर काळा धूर ओकत घाट चढतो तेव्हा त्याला कुणी वय विचारत नाही.

पेट्रोलचंही तेच. २०२५ पर्यंत पंपावरचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं झालं. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलविरुद्ध बोलणं म्हणजे घरात भांडण. माझ्या मेव्हण्याचाच ऊस कारखान्याला जातो. मी विरुद्ध नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनलेलेच नाहीत. महिनाभर उभी राहिलेली गाडी चालू करायची म्हणजे काळजात धस्स होतं. मी सगळे पाइप बदलले. ज्याला हे माहीतच नाही त्याची गाडी रस्त्यात गळायला लागली तर जबाबदार कोण? जिल्ह्यात दोन-चार पंपांवर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवा, जास्त दर घ्या, आम्ही देऊ.

बाहेर काय करतात बघा. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी तज्ज्ञाकडून तपासून घेतली की तिला 'एच' अक्षराची पाटी मिळते, ठरावीक कर, आणि शहरातल्या धूरबंदीच्या भागातही जाता येतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं झाली की रोड टॅक्स माफ. हे देश पर्यावरणाच्या नियमात आपल्यापेक्षा ढिले आहेत असं कुणी म्हणणार आहे का?

आता थोडं आपल्याही लोकांना सुनावतो. आम्ही हौशी मंडळी काही धुतल्या तांदळासारखी नाही. सायलेन्सर काढून रात्री अकराला रंकाळ्यावर गाडी फिरवणारे आपल्यातलेच. गाडी न नेता पीयूसी आणणारे आपल्यातलेच. विम्याशिवाय रॅलीला येणारे आपल्यातलेच. नवीन रंग मारून, दुसऱ्या गाडीचं इंजिन कोंबून 'ओरिजिनल' म्हणून पोरांना चढ्या भावात विकणारेही आपल्यातलेच. यांच्यामुळं उद्या कुणी सगळ्यांवरच बंदी मागितली तर आपल्याकडं तोंड उरणार नाही. कडक तपासणी मागायची तर आधी तिला उभं राहायची तयारी पाहिजे.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत.

१. पंचवीस किंवा तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी मधला एक वर्ग करा. वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, हवं तर तीन हजार. आम्ही मीटर दाखवू.

२. दर दोन वर्षांनी खरी तपासणी करा. धूर, ब्रेक, सांगाडा, दिवे. नापास झाली तर रस्त्यावरनं काढा, एक शब्द बोलणार नाही.

३. फी तपासणीच्या खर्चाएवढी ठेवा. दुचाकीला तर नक्कीच.

४. आयटीआयमध्ये जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम काढा. शिकवणारे मिस्त्री अजून जिवंत आहेत. दहा वर्षांनी नसतील.

मी हे आमदार-खासदारांना पत्रानं पाठवतोय, मसुदा तयार आहे. ज्यांच्याकडं वीस वर्षांवरची कुठलीही गाडी आहे, स्कूटर असो, जीप असो, ट्रॅक्टर असो, त्यांनी खाली गाडीचं नाव आणि साल लिहा. फक्त एवढंच, नंबर टाकू नका. यादी मोठी झाली तर पत्राला वजन येईल.

आणि त्या खिडकीमागच्या मुलाला निरोप. जूनमध्ये मी परत येतोय, दहा हजार घेऊन. गाडी खालीच उभी असेल. पाच मिनिटं काढ, खाली ये, छत उघडून तुला एक चक्कर मारून आणतो. मग सांग स्क्रॅपला देऊ का ते.