झडतीचा अधिकार सुरक्षारक्षकाला दिला कुणी?

बोरीवली (प्रतिनिधी) : जांभळी गल्लीतला दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखतो. मोठ्या दालनांत या ओळखीची जागा कॅमेरा, मालावरची चुंबकीय पट्टी आणि दारावरचा सुरक्षारक्षक यांनी घेतली आहे. माल ग्राहकाने स्वतः उचलायचा, या पद्धतीत नोकर कमी लागतात. पण चोरीची भीती वाढते. दुकानदाराची दक्षता त्यामुळे रास्तच आहे. मात्र तिची किंमत प्रामाणिक ग्राहकाने किती मोजायची, हा प्रश्न उरतो.

दारावर बिल दाखवणे बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु पैसे चुकते झाल्यावर माल ग्राहकाचा होतो. त्याची पिशवी वा खिसे बळजबरीने तपासण्याची मुभा रक्षकाला नाही. खासगी सुरक्षा संस्थांविषयीचा २००५ चा केंद्रीय कायदा त्याला पोलिसाचे अधिकार देत नाही.

संशयिताला पकडण्यालाही मर्यादा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला, तर सामान्य नागरिक आरोपीला पकडू शकतो. पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत मिळाला, तर भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे. संशयित नवखा की सराईत, हे दारावर कळणार कसे? साबणाच्या वडीसाठी ग्राहकाला मागच्या खोलीत डांबणाऱ्यावरच कलम १२७ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

पिशवी बाहेर ठेवण्याच्या सक्तीलाही दुसरी बाजू आहे. ताब्यात घेतलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणे करार कायद्याच्या कलम १५१ नुसार बंधनकारक आहे. 'आम्ही जबाबदार नाही' ही पाटी लावून ते आपोआप संपत नाही. ग्राहकाला स्वतःची पिशवी आत नेऊ द्यायची नाही आणि पैसे देतेवेळी पिशवीचे वेगळे दाम लावायचे, ही 'बिग बझार'ची रीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २२ डिसेंबर २०२० रोजी अनुचित ठरवली होती.

अपमान झालेल्या ग्राहकाने पावती जपावी, वेळ टिपून ठेवावी आणि कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी तातडीने करावी. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. उपनगरवासीयांसाठी जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे येथे आहे. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. चोर पकडला जावा, याबद्दल दुमत नाही. पण त्यासाठी प्रत्येक ग्राहकाला चोर समजण्याची परवानगी कायद्याने दिलेली नाही.