‘बँकेतून बोलतोय...’

पाटण तालुक्यातल्या घरांना मुंबईच्या पैशाची सवय फार जुनी. कोयना खोऱ्यातला माणूस मुंबईत गिरणीत नाहीतर बाजारात माथाडी म्हणून राबायचा आणि पोस्टमन त्याची मनीऑर्डर डोंगरातल्या वाडीवर पोचवायचा. अंगठा उठवला की नोटा हातात पडत. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यांकडे वळल्या, तरी काउंटरपलीकडे ओळखीचा चेहरा असे. आता पैसा मोबाइलमध्ये आहे आणि बऱ्याच खातेदारांपुरती बँक म्हणजे एक आवाज उरली आहे. आवाज काय, कोणालाही काढता येतो!

‘‘मावशी, बँकेतून बोलतोय. तुमची केवायसी राहिलीय. संध्याकाळी खातं बंद पडेल. मोबाइलवर नंबर आलाय, तो सांगा.’’ या बोलण्यातला एकही शब्द मावशींना अनोळखी नाही. केवायसी खरोखरच करावी लागते. २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी झाली, तेव्हाही आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला आणि तो भरावा लागला. सरकार, बँक आणि भामटा तिघेही एकच भाषा बोलू लागले, तर साध्या माणसाने फरक कसा करायचा? म्हणून ‘अडाणी लोक फसतात’ हे म्हणणे मला पटत नाही. माणूस फसतो तो साहेबाला उलट प्रश्न न विचारण्याच्या सवयीमुळे, आणि ती सवय पदवीधरांनाही आहे.

भामट्याचे दुसरे हत्यार म्हणजे घाई. बँकेत नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, बँकेचे कोणतेही काम घाईने होत नाही; हा अनुभव तर प्रत्येक खातेदाराला आहे! तेव्हा फोनवरचा माणूस ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणू लागला की तो बँकेचा नाही असे धरून चालावे. फोन बंद करावा आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण फोन लावावा किंवा शाखेत जावे. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. पण क्रमांक खरा वाटला तरी ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे सांगायचे नाहीत. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. व्हॉट्सअॅपवर ‘बँकेचे अॅप’ म्हणून आलेली एपीके फाइल उघडली, तर चोराला ओटीपी विचारायचीही गरज राहत नाही.

आणि पैसे गेलेच तर? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नुकसानीची वाटणी ठरवून दिली. चूक बँकेची वा ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार नाही. मात्र गुप्त आकडा ग्राहकानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे लाजेपोटी किंवा घरच्यांच्या भीतीने गप्प बसण्यात जाणारी वेळ ही रोख रक्कम आहे. बँकेला कळवून लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी ती रक्कम गोठवता येते.

पण सारी सावधगिरी खातेदारानेच बाळगायची, हा न्याय अपुरा आहे. ज्या खात्यातून वर्षानुवर्षे हजार-दोन हजारच निघाले, त्यातून पाच मिनिटांत सारी शिल्लक निघते, तेव्हा ती वाट रोखणारे यंत्र कोणाकडे असायला हवे? चोरीचा पैसा ज्या भाडोत्री खात्यांत उतरतो, तीही कुठल्या ना कुठल्या बँकेनेच कागदपत्रे तपासून उघडलेली असतात. केवायसीच्या नावाने म्हाताऱ्या बाईला हेलपाटे घालायला लावणाऱ्या व्यवस्थेने आधी या खात्यांची केवायसी नीट करावी. आणि डोंगरातून एसटीने दोन तास खर्चून ‘हा फोन तुमचाच होता का?’ एवढेच विचारायला कोणी शाखेत आले, तर त्याला खुर्ची द्यावी.